तांबडा डाग हातावर

सोमवार, दुपारी

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद. नको असतील तर परत पाठव, टपालखर्च मी सोसते.

माझा नंबर तू तुझ्या फोनवर बंद करून ठेवला आहेस. कागदाला ती सोय नाही. फार तर तू हे फाडशील, पण फाडण्याआधी वाचशीलच. लहानपणी औषधाच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा न सोडणारा तू. म्हणून कामाचं आधी सांगते.

पट्टेरी सापांचे जे फोटो तुमच्या सर्पालयाने आमच्या कंपनीला दिले, त्यातले गरीब पट्टेरीचे सगळे तुझ्याच हातात धरून काढलेले आहेत का? आणि जहाल पट्टेरीचे सगळे चिमट्यात धरून?

‘हो’ किंवा ‘नाही’ एवढं पुरे. ख्यालीखुशाली नको, सही नको.

कशाला हवंय, ते सांगते. तुमच्या भाषेतले हे गरीब आणि जहाल आम्हा बाकीच्या जगाला जुळे भाऊ वाटतात. तोच काळा रंग, तेच पांढरे पट्टे. एक चावला तर मलमपट्टी, दुसरा चावला तर माणूस जातो. आमच्या कंपनीचं मशीन फोटो बघून दोघांतला फरक सांगतं, शंभरात सत्याण्णव वेळा बरोबर. ते लवकरच छोट्या इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत बसवायचं आहे. कुणाला साप चावला की नातेवाईक फोनवरचा फोटो दाखवणार, मशीन म्हणालं ‘जहाल’ तर इंजेक्शन, म्हणालं ‘गरीब’ तर घरी जा. जहालचा दंश दुखतसुद्धा नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. माणूस घरी जाऊन झोपतो आणि झोपेत श्वास घ्यायचा राहून जातो.

मशीन असं का म्हणालं, ते शोधून काढायचं हे माझं काम. खात्याचं नाव ‘स्पष्टीकरण’. खात्यात मी आणि एक चाक गेलेली खुर्ची. आमच्याकडे एक युक्ती असते. मशीनने उत्तर दिलं की त्याच फोटोवर रंगाचा एक पातळ पडदा चढवायचा. मशीनने ज्या भागावरून निकाल दिला तिथे तांबडं, ज्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही तिथे निळं. त्याला आम्ही नकाशा म्हणतो.

आज सकाळी गरीबच्या फोटोंवर तो पडदा चढवला. साप निळा. डोकं निळं, पट्टे निळे, शेपटी निळी. तांबडा डाग हातावर. दुसरा फोटो, तांबडं हातावर. तिसरा, तेच. मग मी साप सोडून हात नीट बघितला. करंगळीच्या शेजारचं बोट नाही.

तो हात ओळखायला मला मशीन लागलं नाही.

घाई नाही. सवडीने कळव.

ताई

गुरुवार, सकाळी

चि. ठोंब्यास,

उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं.

मागच्या पत्रात ‘घाई नाही’ असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. पुढच्या शुक्रवारी इस्पितळांच्या मंडळासमोर मशीन दाखवायचं आहे, आणि त्याआधी स्पष्टीकरणाच्या अहवालावर माझी सही हवी आहे. ‘मशीन सापाच्या शरीराकडे बघून निर्णय घेते’ असं एक वाक्य त्यात छापून तयार आहे. खाली रेघ मारलेली आहे. रेघेवर फक्त मी यायची बाकी आहे.

मधल्या दिवसांत मी झाकाझाकी केली. गैरसमज नको, ही आमची दुसरी युक्ती. फोटोतला एकेक भाग राखाडी चौकोनाने झाकायचा आणि मशीनला पुन्हा विचारायचं. सापाचं डोकं झाकलं, मशीन म्हणालं, ‘गरीब, अठ्ठ्याण्णव टक्के.’ पट्टे झाकले, तेच. तुझा हात झाकला आणि मशीन गडबडलं. परीक्षेत शेजारच्याने वही मिटल्यावर तू गडबडायचास, हुबेहूब तसं.

हे मी संचालकांना दाखवायला नेलं. आमचे संचालक दिसायला रुबाबदार, बोलायला गोड, आणि वाईट बातमी आली की त्यांना नेमका फोन येतो. या खेपेला आला नाही, म्हणजे बातमी किती वाईट ते बघ.

“मॅडम, तुमचा हा नकाशा फार ढोबळ आहे हो,” ते म्हणाले. “चहा सांडल्यासारखा. आपल्या माहितीपत्रकातला बघा.”

माहितीपत्रकातला नकाशा दुसऱ्या पद्धतीने काढलेला आहे, आणि तो देखणा आहे यात वाद नाही. सापाचा एकेक खवला तांबड्या रेषेत कोरलेला, चित्रकाराने बसून काढावा तसा.

“साहेब, त्या पद्धतीची मी काल परीक्षा घेतली. मशीनचं सगळं शिकणं पुसून टाकलं. डोक्यात नुसता भुसा भरला, वाटेल ते आकडे. आता त्याला साप आणि सुतळी यांतला फरक कळत नाही. तरी तुमचा नकाशा जसाच्या तसा आला. खवल्यासकट.”

“म्हणजे पद्धत भक्कम आहे.”

“म्हणजे ती फोटोच्या कडा गिरवते. मशीनच्या मनातलं तिला काही ठाऊक नाही. प्रत्येक लग्नात जाऊन ‘जोडा शोभून दिसतो’ म्हणणाऱ्या मावशीसारखी. नवरा मांडवात नसला तरी म्हणेल.”

“पण लोकांना पटतं ना?”

“पटतं, तेच तर वाईट.”

ते हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, हातामुळे मशीन फसतं असं तुमचं म्हणणं. फसलेलं दाखवा ना मला. एक फोटो.” मी तुझा हात कापून जहालच्या फोटोवर चिकटवला होता, तो दाखवला. मशीन ‘गरीब’ म्हणत होतं. “ही चिकटवाचिकटवी झाली. तुम्ही खोटा फोटो दिलात, त्याने खोटं उत्तर दिलं. खरा फोटो आणा.”

खरा फोटो माझ्याकडे नाही. तुझ्याकडे आहे, किंवा तू काढू शकतोस. म्हणून सांगते, आणि सोपंच आहे. गरीबला एकदा चिमट्यात धर आणि फोटो काढ. तुला धोका नाही, सापाचा थोडा अपमान होईल. मशीन त्याला ‘जहाल’ म्हणालं की माझं काम झालं.

आणि आता तू मनात जे म्हणतो आहेस ते मीच लिहून टाकते, तुझे श्रम वाचतील. तुझं बोट काढावं लागलं, तेव्हा मी तुझ्या साहेबांना लेखी तक्रार दिली, की याला विषारी सापांजवळ जाऊ देऊ नका. त्यांनी तुला बिनविषारी विभागात टाकलं. तू त्याला ‘गांडूळखातं’ म्हणतोस असं तुझ्या बायकोकडून कळलं. इस्पितळातल्या खाटेवरून तू मला म्हणाला होतास, “तू माझी बहीण नाहीस, माझी हेडमास्तरीण आहेस,” आणि तोंड भिंतीकडे केलं होतंस. ते अजून तिकडेच आहे.

तर, मी तक्रार केली म्हणून तू गरीब सापांत गेलास. गरीब सापांत गेलास म्हणून ते सगळे तुझ्या हातात आले. जहालचे फोटो इतरांनी चिमट्याने काढले. आणि मशीन शिकलं की जिथे हा हात, तिथे विष नाही. म्हणजे याची सुरुवात माझ्यापासून झाली, असं तू म्हणशील. खुशाल म्हण. मला विचारशील तर मी ती तक्रार आजही करीन, आणि या वेळी अक्षर जरा चांगलं काढीन.

फोटो मात्र पाठव.

ताई

शनिवार, दुपारी

चि. ठोंब्यास,

फोटो मिळाले. तुझ्या बायकोच्या फोनवरून आले, सोबत एक अक्षर नाही. गरीब पट्टेरी चिमट्यात, तीन बाजूंनी. साप तर इतका चिडलेला दिसतोय की तू त्याला माझ्याबद्दल सांगितलंस की काय अशी शंका आली.

मशीन म्हणालं, ‘जहाल. शहाण्णव टक्के.’ नकाशात तांबडा डाग चिमट्याच्या टोकावर. साप निळा.

मी उड्या मारतच संचालकांच्या खोलीत गेले. म्हणजे माझ्या गुडघ्यांना जमतील तेवढ्या.

त्यांनी फोटो बघितले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “मॅडम, हे तर उत्तम झालं.”

“काय उत्तम झालं?”

“गरीबला जहाल म्हणालं. म्हणजे मशीन सावध आहे. एक इंजेक्शन जास्त गेलं तर जाऊ दे, रुग्ण तर वाचला! हे मी मंडळासमोर सांगणार आहे. थँक यू हं.”

ठोंब्या, मी या माणसासमोर अर्धा तास उभी होते, आणि बाहेर आले तेव्हा माझाच पुरावा त्याच्या जाहिरातीत गेला होता. माझ्या मागोमाग दारापर्यंत येऊन ते असंही म्हणाले, “उलटं दाखवा, तर मानतो. जहालला गरीब म्हणालं, असा एक खरा फोटो. एक.”

उलटा फोटो म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. जिवंत जहाल पट्टेरी, उघड्या हातात. बरणीतला मेलेला चालेल का म्हणून तेही विचारलं, तर बरणीत त्याचे रंग उडालेले असतात, ‘तो साप आहे की जुनी नाडी’ असं मंडळ विचारेल म्हणे. बरोबर आहे, मीही विचारलं असतं.

खरी गंमत ही, की असे फोटो रोज निघणार आहेत. शेतात, घरात, गोदामात कुणाला साप चावतो, कुणी तरी तो मारतो, शेपटीला धरून उचलतो आणि फोटो काढतो. फोटोत हात असणारच. जहाल हातात असणार, मशीन हाताकडे बघणार आणि म्हणणार, जा घरी. पण ते सगळे फोटो पुढच्या महिन्यातले. मला शुक्रवारच्या आत एक हवा आहे, आणि जिवंत जहालला उघड्या हातात धरणारा मूर्ख मी आणू कुठून?

असो. मी दुसरं काही तरी शोधते. सहीवाचून राहणं हा एक उपाय आहेच, पण मी सही केली नाही तर साहेब दुसऱ्या कुणाला तरी त्या खुर्चीत बसवतील. तीन चाकांवर बसायला माणसं मिळतात.

हे पत्र तुझ्या बायकोकडे आत्ताच देते, ती बाजारातून परत जाताना ऑफिसवरून जाणार आहे.

ताई

रविवार, सर्पालयाच्या फाटकाबाहेर

ठोंब्या,

करू नकोस.

कागद नाही म्हणून आमच्या माहितीपत्रकाच्या पाठीवर लिहिते आहे. पुढच्या बाजूला तो देखणा नकाशा आहे, त्याच्याकडे बघू नकोस. माझं अक्षर बघ.

सकाळी चहा पिताना कालच्या पत्रातलं माझंच वाक्य मला आठवलं. मूर्ख कुठून आणू. कप तसाच ठेवून तुझ्या बायकोला फोन केला.

“ताई, ते सर्पालयात गेलेत,” ती म्हणाली.

“रविवारी? सुट्टीच्या दिवशी?”

“हो ना. रात्री तुमचं पत्र वाचलं. सकाळी उठले, पुन्हा वाचलं, हसले आणि बूट घातले.”

“हसला?”

“हसले. मलाही ते आवडलं नाही, ताई. दोन वर्षांत तुमच्या नावाने पहिल्यांदाच हसले.”

“काही बोलला का?”

“किल्ली कुणाकडे आहे ते फोनवर विचारत होते. विषारी विभागाची.”

त्यानंतर मी चपला कोणत्या घातल्या तेही बघितलं नाही. आता बघते आहे, तर दोन वेगवेगळ्या आहेत.

फाटकावरचा पहारेकरी मला आत सोडत नाही. मी म्हटलं, बहीण आहे. तो म्हणाला, “बाई, आत कुणालाही सोडायचं नाही असा हुकूम आहे.” कुणाचा हुकूम? “त्यांचाच. खास सांगून गेलेत. म्हणाले, एक बाई येतील, बोलायला तिखट असतील, त्यांना बाकावर बसवा.”

तर मी बाकावर बसले आहे. हा कागद तो आत आणून देतो म्हणाला आहे. ऐक. तो फोटो मला नको. काढलास तरी मी तो मशीनला दाखवणार नाही, फाडून टाकीन, आणि तुझं काम फुकट जाईल. पटलं? तुझ्या हातात बोटं मोजकी उरली आहेत, उधळपट्टी करू नकोस. शुक्रवार गेला उडत. चार इस्पितळांत काय व्हायचं ते—

नाही, ते मला लिहिता येत नाही. तसं मला म्हणायचं नाही. इस्पितळांत येणाऱ्या माणसांनाही बहिणी असतात. पण त्यासाठी तू हात घालायचा नाहीस. दोन्हींतलं एक निवड असं मला कुणी विचारू नये, आणि तू तर नाहीच नाही.

पिंजरा बंद कर, किल्ली दे आणि बाहेर ये. बोलू नकोस हवं तर. नुसता ये.

पहारेकरी हात पुढे करून उभा आहे. देते.

रविवार, त्याच बाकावर

ठोंब्या,

तिकीट खिडकीवरच्या बाईकडून दोन कोरे कागद मागून घेतले. तिला वाटलं मी तक्रार लिहिते आहे. माझा चेहराच तसा असावा.

पहारेकरी कागद देऊन परत आला. “दिला?” “दिला.” “काय म्हणाले?” “वाचला, घडी केली, खिशात घातला.” “हातात काय होतं?” त्याने आठवायला इतका वेळ घेतला, की तेवढ्यात मी तुझ्या तेराव्याची यादी केली. मग म्हणाला, “हातात? हातात तुमचा कागद होता, बाई.”

त्यानंतर बराच वेळ काही नाही. समोर पाण्याचा नळ गळतो आहे. शाळेची मुलं आली आणि गेली. एका मुलाने मला विचारलं, “काकू, तुम्ही रांगेत आहात का?” मी हो म्हटलं.

मग फोन वाजला. तुझ्या बायकोच्या नंबरावरून फोटो, तू तिला पाठवलेला, तिने मला.

मला उघडवेना. फोन मांडीवर पालथा ठेवला. वाटलं, न उघडता परत पाठवला तर तू तो काढलाच नाहीस असं होईल का. इतक्या शिकलेल्या बाईच्या डोक्यात असले विचार येतात, बघ. शेवटी उघडला.

पांढरी भिंत. तुझा हात. तळवा वर, चार बोटं पसरलेली. आणि काही नाही.

मी साप शोधत बसले. खरंच सांगते. फोटो मोठा करून कोपरे बघितले, मनगट बघितलं, बाहीची घडी बघितली. साप कुठेच नव्हता. तळव्यावर रेषा, अंगठ्याखाली तो जुना घट्टा, आणि करंगळीच्या आधीची मोकळी जागा.

आधी आला राग. एवढं पळवून हे? मग वाटलं, हेच तुझं उत्तर असेल, की माझा हात ठीक आहे, आता घरी जा. मी चपला सरळ केल्या. उठणार, तेवढ्यात आमच्या मशीनची चाचणीची प्रत माझ्या फोनमध्ये असते ती आठवली. फोटो त्यात टाकला.

‘गरीब पट्टेरी. बिनविषारी. अठ्ठ्याण्णव टक्के.’

ठोंब्या, मी इतकी मोठ्याने हसले की पहारेकरी पाणी घेऊन धावत आला. “बाई, बरं वाटत नाही का?” मी म्हटलं, “माझ्या भावाला साप म्हणतायत, आणि तेही गरीब!” त्याला वाटलं ऊन लागलं.

मी आठवडाभर साप शोधत होते. कोणता साप, कसा धरलेला, जिवंत की मेलेला. साप काढूनच टाकावा हे माझ्या डोक्यात आलं नाही, तुझ्या आलं. हे लिहून देते, कारण परत लिहायची नाही.

तू काही बाहेर आला नाहीस, आणि मीही हाक मारली नाही. आत कुठली तरी खिडकी मात्र एकदा उघडली आणि लगेच मिटली. ती तू नसशील. वारा असेल. आज वारा नव्हता, पण असेल.

ताई

शुक्रवार, संध्याकाळी

चि. ठोंब्यास,

सगळं झालं. सही मी केली नव्हती, ‘बैठकीत बोलते, मग करते’ असं सांगून साहेबांना थोपवलं होतं. कसं झालं ते क्रमाने सांगते, कारण तुझी बायको म्हणाली की तू दुपारपासून तिला तीनदा विचारलंस, “टपाल आलं का?”

लांबट टेबल, मंडळाची माणसं, मधोमध कॅमेरा, भिंतीवर मोठा पडदा. मंडळाच्या प्रमुख एक डॉक्टरीणबाई, तातडीच्या विभागात केस पिकलेल्या. संचालकांनी माहितीपत्रक वाटलं, देखणा नकाशा पडद्यावर आणला. सगळे ‘वा’ म्हणाले. एकाने तर तो फोटो फ्रेम करण्यासारखा आहे असं सांगितलं. मग संचालक म्हणाले, “आता आमच्या मॅडम स्पष्टीकरणाबद्दल दोन शब्द बोलतील,” आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की तिसरा शब्द निघायला नको.

मी म्हटलं, “साहेब, जरा हात पुढे करता? कॅमेऱ्याखाली.”

“माझा?”

“चिकटवाचिकटवी नको म्हणाला होतात. हा खरा आहे ना?”

लोक हसले, त्यामुळे त्यांना करावाच लागला. कॅमेऱ्याखाली संचालकांचा गोरापान, क्रीम लावलेला, रिकामा हात. पडद्यावर अक्षरं आली: ‘गरीब पट्टेरी. बिनविषारी. एकसष्ट टक्के. खात्री कमी, डॉक्टरांचा सल्ला घ्या.’

खोलीत खसखस पिकली. पण संचालक पाण्यात पडले तरी कोरडे बाहेर येणारे. “बघा,” ते म्हणाले, “साप नाही तर मशीन काय करणार? पण तरीही स्वतःहून म्हणतंय, खात्री नाही, डॉक्टरांना विचारा. यालाच मी सावधपणा म्हणतो.”

आणि मंडळातल्या दोन-तीन माना हलल्या. ठोंब्या, तुझा हात आणि त्यांचा हात यांत फरक पडेल हे मी धरलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघायला लागल्या.

तेव्हा सवयीने मी बटण दाबलं आणि पडद्यावर नकाशा चढला. माझा, चहा सांडल्यासारखा. संचालकांच्या सबंध हातावर फिकट पिवळं, आणि तांबडं जेमतेम एका जागी, करंगळीच्या आधीच्या बोटाभोवती. मशीन तिथे काही तरी शोधत होतं आणि त्याला ते सापडत नव्हतं.

“साहेब,” मी म्हटलं, “अंगठीचं बोट मुडपा.”

“म्हणजे?”

“आत घ्या. हं, पूर्ण. दिसता कामा नये.”

त्यांनी मुडपलं.

‘गरीब पट्टेरी. बिनविषारी. सत्याण्णव टक्के. रुग्णास घरी पाठवण्यास हरकत नाही.’ मधल्या मोकळ्या जागेत तांबडा डाग, निखाऱ्यासारखा.

“बोट उघडा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एकसष्ट. “मिटा.” सत्याण्णव. “उघडा. मिटा.” संचालक शाळेतल्या कवायतीसारखे बोट उघडत-मिटत होते आणि पडद्यावर रुग्ण राहत होता, घरी जात होता.

“हा कुणाचा हात शिकलंय हे?” बाईंनी मला विचारलं.

“माझ्या भावाचा.”

“म्हणजे हे साप ओळखत नाही. माणूस ओळखतं.” त्यांनी समोरचं माहितीपत्रक मिटलं आणि पाण्याच्या ग्लासाखाली ठेवलं. “माझ्या विभागात हे येणार नाही.”

मशीन आलं नाही. बाकीचं थोडक्यात. दुपारी मला कळवण्यात आलं, की माझ्या गुणांचा अधिक चांगला उपयोग ‘ग्राहक संवाद’ विभागात होईल. तळमजल्यावर, झाडूच्या खोलीशेजारी. तिथे गरीब ग्राहकांशीच बोलायचं असतं, जहाल सगळे वर पाठवतात. त्याला काय नाव द्यायचं ते तू सुचव, तुला अनुभव आहे. खुर्ची मात्र चांगली आहे.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांना असं मशीन हवंच आहे, पण खरं. सगळे फोटो नव्याने काढायचे. गरीब आणि जहाल, दोन्ही चिमट्यात, एकाच भिंतीसमोर, फोटोत कुणाचाही हात नाही. त्यासाठी त्यांनी तुमच्या साहेबांकडे जाणता माणूस मागितला. साहेबांनी तुझं नाव सांगितलं आणि म्हणाले, “पण त्याच्यावर बहिणीची लेखी तक्रार आहे. त्यांनी मागे घेतली तर विषारी विभागात पाठवतो.”

मी बाईंना म्हटलं, विचार करून सांगते.

विचार कसला करते, तुझ्या हाताचाच फोटो उघडून बसले होते. शेवटची झाकाझाकी. रिकाम्या तळव्याचा एकेक भाग राखाडी चौकोनाने झाकला. अंगठा झाकला, काही फरक नाही. तळवा झाकला, नाही. मग जिथे बोट नाही, नुसती मागची भिंत दिसते, ती जागा झाकली. मशीन एकदम आंधळं झालं. एवढा थोरला हात समोर असून त्याला त्यात दुसरं काही म्हणून दिसत नव्हतं. दोन वर्षं तेवढंच बघत होतं.

मशीनला नावं ठेवायचा मला या बाबतीत फारसा हक्क नाही. तरी ठेवते.

सोबत तक्रार मागे घेतल्याचा कागद आहे. सही केली आहे, तारीख घातलेली नाही. ती तू घाल. कधीच घातली नाहीस तर माझी काही तक्रार नाही, आणि उद्याची घातलीस तरी नाही. ते ‘उद्याची’ लिहिताना पेन तीनदा खाली ठेवलं.

चिमटा लांब दांड्याचा घे. तुझ्या साहेबांकडचा आखूड आहे, रविवारी वाऱ्याने ती खिडकी उघडली तेव्हा मी बघितला.

ताई